गाडी आपलं नाव सांगते

"प्रिय इंदूबाई," एवढं मोठ्यानं वाचून झालं आणि पुढच्या ओळीवर इंदूबाई थांबली. मेसेज मराठीतच होता. 'आपले वाहन शिळफाटा, खोपोली येथील केंद्रावर चार्जिंगला जोडले आहे. वाहनाची ओळख पटली. सध्या अकरा टक्के.' खाली मदतीसाठी म्हणून एक नंबर. मागच्या पडवीत चुलीवर भात रटरटत होता आणि पुढे ओट्यावर तिचा मुलगा अक्षय कपाटातून काढलेला जुना फोन चार्जरला लावून बसला होता.

"काय गं आई? कुनाचा मेसेज?"

"बँकेचा," ती म्हणाली. "माहिती भरा म्हनतात."

"भरू नको. चोर असतात ते."

"बरं," इंदूबाई म्हणाली, आणि आपण मुलाशी खोटं बोललो हे तिला नंतर कळलं. फोन तिनं लुगड्याच्या ओच्यात खोचला. पोटाला त्याची कड लागली. शिळफाट्यावर तिची सून माधवी गाडी लावून उभी होती, सहा वर्षांच्या समीक्षाला घेऊन, अर्धा चेहरा काळानिळा घेऊन, आणि गाडीनं इकडे कडावला निरोप धाडला होता. माधवीला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर स्वतःचा फोन बंद करून देवळीत ठेवायचा आणि गाडी मात्र न्यायची, असं तिनं केलं नसतं. स्टेशनावर सगळे ओळखीचे, रिक्षावाले ओळखीचे, असला चेहरा घेऊन जाणार कुठे? काचा वर केल्या की गाडीत बाईला कोणी बघत नाही, एवढाच हिशेब तिनं पहाटे केला असणार.

वाचायचं ते मोठ्यानं वाचायचं ही इंदूबाईची जुनी खोड होती. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा आळीत वाचता येणारी बाई ती एकटीच. पोस्टमन कडावच्या चौकात सायकल टेकवून पत्रं द्यायचा, आणि माणसं ती पत्रं घेऊन तिच्या ओट्यावर यायची. कोणाचा मुलगा गिरणीत, कोणाचा गोदीत. तिनं वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, शेजारणीनं सूप बाजूला ठेवून, म्हाताऱ्यानं विडी विझवून. मनातल्या मनात वाचणं म्हणजे काहीतरी लपवणं, असं लोक समजत. एकदा तिनं ओळ गाळली तर एक म्हातारी म्हणाली होती, "गिळलंस काय गं? ओक बाहेर." तेव्हापासून ती गिळायची नाही. बाळंतपण, मरण, भांडण, सगळं एकाच सुरात, खणखणीत वाचायची. तो सूर गळ्यात इतका मुरला की हातात फोन आल्यावरही टुंग वाजलं की ती घरभर ऐकू जाईल असं वाचत असे. अक्षय हसायचा. "आली आकाशवाणी," म्हणायचा. आज तो सूर 'प्रिय इंदूबाई' पर्यंत गेला आणि थबकला. दोन शब्द पुढे गेला असता तर अक्षयची मोटारसायकल आत्ता खोपोलीच्या वाटेवर, पळसदरीच्या वळणावर असती.

काल दिवेलागणीला त्यानं आपला फोन माधवीच्या तोंडावर फेकून मारला. हातात होता तो, जवळून, गोफणीतल्या धोंड्यासारखा. गालाच्या हाडावर लागला, उडून भिंतीवर आपटला आणि फुटला. माधवी ओरडली नाही. तिनं गालावर हात ठेवला, बोटांमधून रक्त मनगटावर आलं, मनगटावरून भाताच्या ताटात. समीक्षा त्या ताटाकडे बघत होती. "आज्जी, आता हा भात कोन खानार?" एवढंच तिनं विचारलं. अक्षयनं ताट उचलून अंगणात भिरकावलं. मग तो बराच वेळ फुटक्या फोनच्या काचा गोळा करत बसला, आणि काचा गोळा करताना हळहळला, "हजारो रुपयांचा फोन." इंदूबाईला ते हळहळणं मारण्याहून जास्त लागलं. या हातांना तिनं वरणभात भरवला होता. लहानपणी हा मुलगा बेडूक मेला तरी रडायचा. तो कधी असा झाला? की बेडकासाठी रडणारा आणि हा, दोघे एकाच वेळी होते, आणि तिला एकच दिसत होता?

आणि कालचं भांडण कशावरून, तर दहिवलीवरून. "दहिवलीला तास-तासभर गाडी लावून काय करत होतीस?" माधवी कर्जतला एका औषधाच्या दुकानात कामाला होती. तिथं जायचं आणि यायचं, एवढंच तिला ठाऊक असायला हवं, असं अक्षयला वाटे. पण त्याला दरवेळी कळायचं. ती मैत्रिणीकडे गेली की कळायचं, आईला भेटायला वाकडी वाट केली की कळायचं. ठिकाण कळायचं, वेळ कळायची. "कोन सांगतं तुमाला?" असं एकदा माधवीनं रडत विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "घरात डोळे हायत माझे." आणि माधवीनं वळून इंदूबाईकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती सासूशी बोलायची बंद झाली. चहाचा कप समोर ठेवायची, पण कडेला धरून, बोटाला बोट लागू नये असा. इंदूबाईला वाटे, नव्या पिढीची पोर, मनात काहीतरी असेल. पहाटे ती समीक्षाला खांद्यावर घेऊन इंदूबाईच्या अंथरुणाजवळून गेली. पोर अर्धवट झोपेत "आज्जी" म्हणाली, आणि माधवीनं तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट दाबला. इंदूबाई जागी होती. तिनं डोळे मिटूनच ठेवले, जा बाई, मी काही बघितलं नाही, असं सांगायला. पण माधवीला तो हात दाबावासा का वाटला, हे तिला आत्ता, ओच्यातल्या फोनची कड पोटात टोचत असताना कळलं. माधवीच्या लेखी घरातले डोळे म्हणजे ती होती.

डोळे तिकडे होते, गोठ्याच्या भिंतीवर. बैल गेल्यावर गोठा रिकामा पडला, तिथं अक्षयनं गाडी ठेवायला सुरुवात केली आणि दावणीच्या वर, खुंटीला लागून, चार्जर बसवला. पांढरा, देवघराएवढा, हिरव्या दिव्याचा. बसवणारा माणूस गेल्यावर अक्षय तिला कौतुकानं दाखवत होता. "हा हुशार चार्जर हाय, आई. वीज कधी स्वस्त ते बघतो, मग भरतो. मी फोनवरनं सांगितलं थांब, की थांबतो." मीटर इंदूबाईच्या नावावर, नवरा गेल्यावर चढवलेला, म्हणून चार्जरचं खातंही तिच्या नावानं आणि तिच्याच नंबरवर निघालं. त्या दिवशी तिच्या फोनवर आकडे आले होते, ते तिनं ओट्यावर उभं राहून वाचून दाखवले, आणि अक्षयच्या फोनात सगळं सुरू झालं. "आता कुठंबी गाडी लावली ना, कार्ड नको, पैसे नको. वायर लागली की गाडी आपलं नाव सांगते. सगळ्या जगात एकच पद्धत केलीय." इंदूबाईनं गाडीच्या टपावर हात फिरवला होता. शहाणी हो, म्हणाली होती, नव्या सुनेला म्हणावं तसं.

तिचा नवरा कोंडाजी भिवपुरीच्या पॉवरहाऊसात होता. डोंगरावरून येणाऱ्या त्या अजस्र नळांना रंग द्यायला लागला आणि तिथंच म्हातारा झाला. तो म्हणायचा, "वीज आंधळी असते गं. ती राजाच्या घरात गेली काय अन् कातकऱ्याच्या झोपडीत गेली काय, तिला नाय कळत." तेव्हा माणूस हरवू शकत होता. इंदूबाईला ते दिवस आठवले की भाताच्या खाचरांवरून आलेला ओला वारा आठवतो आणि त्यात हरवलेली माणसं. तिची नणंद यमू अशीच नवऱ्याच्या घरून निघाली होती, पायी, बांधाबांधानं. तिचा नवरा धोंडी कोयता घेऊन या दारात उभा राहिला. सासू उंबऱ्यावर आडवी झाली. "नाय आली," म्हणाली. धोंडीनं तिच्या खांद्यावर कोयत्याची मूठ मारली, परत मारली. म्हातारीच्या तोंडातून फेस आला, पण शब्द तोच. आणि तिला खरंच ठाऊक होतं की यमू कुठे आहे. पण ते फक्त तिला ठाऊक होतं. तिच्या हाडामांसात बंद होतं. ते काढायला तिला फोडावी लागली असती. चिखलातली पावलं एका सरीत बुजत, गाडीच्या चाकोऱ्या दुसऱ्या गाड्यांनी मोडत. यमू मग पेणकडे एका दूरच्या मावशीकडे राहिली, म्हातारी झाली, आपल्या मरणानं मेली. आज यमू निघती, तर ती कुठल्या विहिरीवर पाणी प्याली ते विहिरीनंच धोंडीला सांगितलं असतं.

ओच्यात फोन थरथरला. सतरा टक्के. इंदूबाईनं तो पाठमोरी होऊन पाहिला. गाडी एवढी रिकामी कशी, तेही तिला उमगलं. अक्षय रोज रात्री चार्जरला फोनवरून थांबवायचा. कामापुरती वीज. कर्जतला जाऊन यायचं, वर थोडी. बैलाला दावं किती लांब ठेवायचं ते शेतकरी ठरवतो, गव्हाणीपर्यंत पोचलं पाहिजे, शेजारच्या पेंढ्यापर्यंत नको. आणि वीज पुरत नाही म्हणून माधवी बाहेर कुठे गाडी लावायची, तेव्हा तीच गाडी नवऱ्याला सांगायची. दावंही त्याचंच, घंटाही त्याचीच. फोन तिच्या तोंडावर फोडला म्हणून आज तो बहिरा होता, आणि गाडी त्याचा फोन सापडेना म्हणून खात्याच्या मालकिणीला हाक मारत होती.

"आई, आता बघ, नंबर येईल तुझ्या फोनावर. वाच." ओट्यावरचा आवाज शांत होता. काल मारण्याआधीही शांतच होता. "ॲप घेतलं मी ह्या फोनात. नंबर टाकला की कळंल कुठं जाऊन मेलीय ती."

"कशाला रं? जाऊ दे. येईल दोन दिवसांनी."

"माझी पोरगी नेलीय तिनं. तू वाच."

टुंग वाजलं. सहा आकडे. इंदूबाईनं चष्मा सरळ केला. घसा साफ केला, पत्र वाचण्याआधी करायची तसा. "चार. शून्य. सात. दोन. नऊ. आठ." दोन नव्हता, पाच होता. तो दोन तोंडातून जाताना दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

"चूक दाखवतंय."

"मग तुझ्या डबड्यातच चूक."

"चष्मा पूस. परत आलाय बघ."

तिनं परत वाचलं, परत एक आकडा बदलला. मग तिसऱ्यांदा. अक्षय आधी पुटपुटला, मग शिवी दिली, यंत्राला की तिला ते कळलं नाही. "थोड्या वेळानं प्रयत्न करा म्हनतोय भडवा." ओट्यावर खुर्ची पडल्याचा आवाज झाला. इंदूबाई चुलीजवळ उभी होती. तो आत येणार असं वाटलं. पण तो गोठ्यात गेला. मग लोखंड आपटल्याचा आवाज आला. पहार. एक घाव, दुसरा घाव. चार्जरचं कवच फुटलं, त्याचे तुकडे शेणाच्या जुन्या जमिनीवर पडल्याचं तिला ऐकू आलं. "बोल!" तो ओरडत होता. "कुठं हाय बोल! माझ्या घरात राहतोस!" चट्कन काहीतरी झालं आणि पडवीतला पंखा फिरत फिरत मंदावला. घरातली वीज गेली. फ्रीजची घरघर थांबली. पहारीचा आवाजही थांबला.

त्या शांततेत इंदूबाईनं कान दिला. विजेवर पहार घातली की काय होतं ते पॉवरहाऊसवाल्याच्या बायकोला सांगायला नको. तिनं एक माणूस पाहिला होता, कोळशासारखा झालेला, बोटं आखडलेली. ती कान देऊन उभी राहिली, आणि काही क्षणांनी तिला कळलं की ती धावत गेली नाही. ती वाट बघत होती. धप्प असा आवाज येतोय का, याची वाट बघत होती. तिचं काळीज धडधडत नव्हतं. उलट ते सकाळपासून पहिल्यांदा स्थिर होतं. बेडकासाठी रडणारा मुलगा तिथं पडलेला असेल, आणि समीक्षाच्या आईला आता कुणी मारणार नाही, अशी दोन्ही चित्रं एकाच पाटावर शेजारी शेजारी बसली, आणि तिला त्यातलं एकही उठवावंसं वाटलं नाही. मग गोठ्यात पहार पुन्हा वाजली. तो जिवंत होता. तिला हुंदका आला. तो कशाचा होता ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिनं पडवीच्या कोपऱ्यात, कांद्यांच्या कणगीआड बसून मेसेजाखालचा तो नंबर लावला. गाण्याची धून वाजली, मग एक मुलगी बोलली, गोड, पुस्तकी. इंदूबाईनं नाव सांगितलं.

"हो आजी, तुमची गाडी आत्ता शिळफाट्याला चार्ज होतेय. पंचावन्न टक्के. काय अडचण आहे?"

"तीच अडचन हाय, बाळे. थांबव ते."

"चार्जिंग थांबवू?"

"नको गं! चार्जिंग नको थांबवू. सांगनं थांबव. ती गाडी जिथं जाईल तिथं माझं नाव सांगते. ते बंद कर."

"आजी, ती पद्धतच आहे. वायर जोडली की गाडी ओळख देते, मग खात्यावर बिल लागतं. मेसेज बंद केले तरी नोंद होणारच."

"पेट्रोलपंपावर कुनी नाव विचारत नाय."

"ते खरंय," ती हसली. "तुम्हाला खातंच बंद करता येईल. मग ती गाडी साधी होईल. कुठेही पैसे देऊन भरायची. पण आजी, तुम्हाला गाडीचं परत काहीच कळणार नाही. कुठे आहे, सुरू आहे की नाही, काही नाही. आणि परत जोडायची तर गाडी समोर आणावी लागेल. नीट विचार करा."

इंदूबाईनं विचार केला. गोठ्यात पहार पडत होती, थांबत होती, पडत होती. कांद्याचा उग्र वास नाकात होता. खातं ठेवलं, आणि तोंड शिवलं, तर दोन-चार दिवसांनी टुंग वाजेल. नाशिक. मग कुठलं तरी दुसरं गाव. समीक्षा त्या गावात आहे, तिथं ऊन आहे का पाऊस, तिथं शाळा असेल, एवढं तरी बसून मनात म्हणता येईल. आतल्या आत वाचता येईल, एका शब्दाचा आवाज न करता. कुणाला काय बाधा? त्या विचाराची गोडी तिच्या जिभेवर आली, खरी गोडी, गुळाची. आणि ती गोडी तिला ओळखीची वाटली. अक्षय फोनात बघताना त्याच्या तोंडावर हीच असायची. मार तर नंतर यायचा, आधी हे गोड बघणं. आणि सासूचं गुपित हाडात होतं, तिचं ओच्यात. ओच्यातून काढायला काय लागतं?

"आजी? गाडी काढली बघा त्यांनी. आत्ताच. चार्जिंग संपलं."

"किती झाली?"

"त्रेसष्ट टक्के."

"घाट चढंल?"

"आरामात चढेल."

"मग कर बंद."

"तुमच्या फोनवर नंबर आलाय. तो वाचून दाखवा, की झालं."

इंदूबाई उठून उजेडाला दारात आली. नंबर दिसला. आणि दारातच अक्षय उभा होता, घामानं निथळत, कपाळावर पांढऱ्या कवचाचा कपचा रुतलेला, त्यातून रक्ताची बारीक ओळ. "कुनाशी बोलतेस?" तिनं फोन छातीशी धरला. त्यानं तिचं मनगट पकडलं आणि पिळलं, ओला कपडा पिळतात तसं. "नंबर येत होते तुला. तू मला खोटे वाचलेस. माझी आई हायस तू!" वेदना खांद्यापर्यंत गेली, दातांत गेली. फोन हातातच होता, पडदा तिच्याकडे होता. इंदूबाईनं तोंड उघडलं, आणि कित्येक वर्षांत लागला नव्हता असा तो खणखणीत सूर लागला, आळीच्या टोकाला ऐकू जाणारा. "नऊ!" ती म्हणाली. "नऊ! एक!" तो दचकला. त्याला वाटलं ती कुणाला तरी हाका मारतेय. "सहा!" त्यानं दुसरा हात तिच्या तोंडावर दाबला. ती त्याच्या तळहाताला चावली, दात मांसात रुतले, तोंडात खारट चव आली. हात सुटला. "शून्य!" मनगटात काहीतरी वाळल्या काटकीसारखं मोडलं. "तीन!"

"झालं आजी," फोनातून लांबून आवाज आला. "खातं बंद झालं. आजी? तुम्ही ठीक आहात ना? हॅलो?"

अक्षयनं फोन हिसकावला, बोलणं तोडलं आणि मेसेज उघडले. इंदूबाई भिंतीला टेकून खाली बसली, मोडका हात मांडीवर घेऊन. धडा वाचणाऱ्या पोराचे हलतात तसे त्याचे ओठ हलत होते. "शिळफाटा," तो म्हणाला. मग शेवटचा मेसेज. यापुढे या वाहनाची कोणतीही माहिती आपल्याला मिळणार नाही. त्यानं तो दोनदा वाचला. शिळफाट्याहून वर घाटात जाता येतं, पेणला उतरता येतं, पनवेलकडे मुंबईला जाता येतं. बाजाराच्या त्या तिठ्यावर गाड्या दिवसभर एकमेकींत मिसळतात. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याच्या तळहातातून, तिचे दात रुतले होते तिथून, रक्त गळत होतं, आणि त्याचा चेहरा इतका जवळ होता की त्यात तिला आपल्या बापाचं नाक दिसलं.

"कुठं गेली ती, आई? तुला सांगून गेली असंल. पुन्याला? पेनला? बोल. माझी पोरगी कुठं हाय?"

इंदूबाईनं घाटाकडे मन धाडलं. ते खोपोलीपर्यंत गेलं, शिळफाट्यापर्यंत गेलं, आणि तिथं उभं राहिलं. पुढे रस्ते होते आणि कुठल्याच रस्त्यावर समीक्षा दिसत नव्हती. ना फ्रॉक, ना वेण्या, ना गाव.

"मला ठाव नाय, रं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं, मोठ्यानं, लाज न राखता. "देवाशपथ, मला ठाव नाय."

अक्षयनं हात उगारला. "खोटारडी," तो म्हणाला.